केसाला सोडलेली माया

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, खाली वाकलो तर पुन्हा वर येईन याची खात्री नाही, कंबरेचं कारण पुढे येईल). तुझे गुडघे कसे आहेत? तेल चोळतेस ना, की बाटली नुसती बघायला ठेवली आहेस? पुढच्या खोलीचा रंग वाळला असेल. दुकानाची पाटीसुद्धा तू रंगवायला टाकलीस हे फोनवर ऐकलं आणि माझी झोप उडाली. पण ते राहू दे. आधी रविवारी तळ्यावर काय झालं ते ऐक, कारण त्या सगळ्याचं मूळ तू आहेस.

तू चष्मेवालीच्या वडिलांना फोन करून म्हणालीस, की आमच्या भाच्याचं गळ्याचं काम एक नंबर, त्याचा हात धरणारा कोणी नाही. तू ब्लाउजच्या गळ्याबद्दल बोलत होतीस. पण समोरचा माणूस जन्मभर कारखान्यात फिटर. यंत्रांच्या खडखडाटात अर्धे कान तिथेच ठेवून आलेला. शिवाय निवृत्तीनंतर एकच नाद, कार्प मासे धरायचे (म्हणजे मिशा असलेले, पोत्याएवढे आणि वकिलाएवढे सावध). त्यांनी ऐकलं, 'गळाचं काम एक नंबर'. झालं! त्यांचा निरोप आला, रविवारी तळ्यावर या, बघू तुमचा गळ.

मी खुलासा का नाही केला, असं तू विचारशील. आत्या, करणार होतो. पण चष्मेवाली म्हणाली, "गप्प बस आणि ये. बाबांनी आधीच्या दोघांना तळ्यावरूनच परत पाठवलंय." एक फार बडबडला म्हणून, आणि दुसऱ्याने मासा चटईवर न ठेवता खडीत आपटू दिला म्हणून. तिला आणि मला एकमेकांबद्दल काही शंका उरलेली नाही. पण तिची आई ती लहान असतानाच गेली, वेण्या घालण्यापासून सगळं वडिलांनी केलं. त्यांचा होकार आल्याशिवाय ती एक पाऊल पुढे टाकणार नाही, हे तिने मला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं.

मग मी मासेमारीच्या दुकानात गेलो. मला वाटलं होतं, गळ म्हणजे गळ. एक द्या, पैसे घ्या. दुकानदाराने विचारलं, "रिग कुठलं देऊ?" रिग म्हणजे गळ, दोरा, शिसं आणि आमिष यांची जुळणी. मी म्हटलं, चांगलंसं द्या. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी 'चांगलंसं शिवा' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहतो. तळ चिखलाचा, शेवाळाचा की खडीचा? चिखल असेल तर आमिष वर तरंगणारं रिग, नाहीतर ते गाळात रुतून बसतं. शेवाळ असेल तर आखूड आणि ताठ, म्हणजे गुंतत नाही. खडी असेल तर साधं हेअर रिग. मी म्हटलं, तळ मी पाहिलेला नाही, आणि बघायची वेळ येऊ नये एवढीच इच्छा आहे. शेवटी चष्मेवालीला फोन केला तेव्हा खडी निघाली.

हेअर रिग म्हणजे काय, तर आमिष गळाला टोचायचंच नाही. गळाच्या मागे केसासारखा बारीक दोरा सोडायचा, त्याला 'केस'च म्हणतात, आणि पिठाची टणक गोळी त्या केसात ओवायची. मासा गोळी आत ओढतो, काहीतरी खटकलं म्हणून थुंकायला जातो, आणि उघडा गळ फिरून त्याच्या ओठात बसतो. केसाने गळा कापणं आजवर ऐकून होतो, इथे ते प्रत्यक्ष शिकवत होते. दुकानदाराने एक बांधून दाखवलं आणि बजावलं, "केस आखूड ठेवा. गोळी गळाला जेमतेम टेकली पाहिजे."

घरी येऊन मी स्वतः रिग बांधायला बसलो. दोरा आणि गाठ म्हणजे आपलंच राज्य, हात झरझर चालले. आणि आत्या, तिथेच माझा धंदा आडवा आला! मापाला कापड कापताना मी शिवणीपलीकडे माया, म्हणजे थोडं जास्तीचं कापड, सोडतो. उद्या अंग सुटलं, कपडा उसवून मोठा करायचा झाला, तर काय करणार? तूच शिकवलंस ना, की कापलेलं जोडता येत नाही, सोडलेलं कापता येतं? मी केसालाही माया सोडली. चांगली बोटभर.

तळ्यावर पोचलो. फिटरकाकांनी माझं रिग हातात घेतलं, उन्हात धरलं, "हं" म्हणाले आणि परत दिलं. त्या 'हं'ने माझा अर्धा जीव गेला. काठ्या टेकणीवर लावल्या, दोऱ्यांना वाजणाऱ्या घंट्या लावल्या (मासा ओढतो तेव्हा कोकलतात) आणि आम्ही दोन घडीच्या खुर्च्यांवर बसलो. बोलायचं नाही, हलायचं नाही, कंबर मोडली तरी चालेल. माझी घंटी टुक करायची आणि गप्प व्हायची. पुन्हा टुक, पुन्हा गप्प. का, ते मला आता कळतंय: मासा गोळी आरामात चघळत होता, आणि माझा गळ बाहेर बोटभर अंतरावर उगीच हिंडत होता. फिटरकाकांनी तेवढ्यात दोन मासे काढले, ओल्या चटईवर ठेवले, त्यांच्या ओठांना औषध लावलं आणि पाण्यात सोडून दिले. एवढ्या जाड बोटांचा माणूस मुलीची वेणी घालत असेल तर अशीच घालत असेल, असं मला वाटलं आणि ते मला फार आवडले. हे बोलून दाखवायला हवं होतं, पण बडबड्याचं काय झालं ते आठवत होतं.

मग ते नवीन गाठ मारायला बसले. दोरा दातात, मान खाली, आणि तशाच अवस्थेत मिशीतल्या मिशीत काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं, "...लांब ठेवणार का?" मी ज्याची सकाळपासून धास्ती घेतली होती तो केसाचा प्रश्न एकदाचा आला! मी छाती पुढे काढून म्हणालो, "हो, लांबच ठेवणार. मी आधीच माया सोडलीय." त्यांनी दातातला दोरा काढला. मला वाटलं, माणूस प्रभावित झाला. मग मला आवरेना. म्हटलं, "मी सगळ्याच बायकांच्या बाबतीत सोडतो. सवयच आहे. पुढेमागे उसवायची वेळ आली तर त्रास होत नाही."

तेवढ्यात त्यांची घंटी कोकलली. रीळ फिरत होतं, दोरा सळसळत जात होता, आणि ते हलले नाहीत. माझ्याकडे नुसते बघत राहिले. आत्या, गळाला लागलेला मासा सोडून! मीच धावलो, काठी उचलली, जोरात हिसडा मारला. दोरा तुटला, मी खडीत पालथा, आणि कंबर कायमची तिथेच राहिली. त्यांनी सामान आवरलं, मला हात देऊन उठवलं, घरापर्यंत सोडलं.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाली दुकानात आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "बाबांनी विचारलं, माझ्या मुलीला माझ्यापासून लांब ठेवणार का? आणि तू हो म्हणालास?" मी कपाळावर हात मारला. माया म्हणजे काय हे एक पोलकं उसवून दाखवलं, तेव्हा ती रडता रडता इतकी हसली की शेजारचा घड्याळजी डोकावून गेला. पण म्हणाली, "मला कळलं. बाबांना तूच सांग."

बाकी सर्व क्षेम. कंबरेला शेक देतो आहे. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा भाचा

ता. क. – तुला वाटलं असेल, फिटरकाकांची समजूत घालायला मी तुला गळ घालणार. तसंच ठरवलं होतं. 'माया हा शिंप्यांचा शब्द आहे हो' एवढं तू सांगितलं असतंस तर काम झालं असतं.

ता. क. २ – पण काल मी स्वतःच गेलो. केसाची गोष्ट सांगितली, आणि ते हसले, चक्क खांदे हलवून हसले. हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग खरंच लांब नेणार नाही ना?" आणि मी खिशातली मापाची टेप काढून उगीच गुंडाळत बसलो. कारण आत्या, मी खरंच नेणार होतो. लग्नानंतर तुझ्या गावी, तू रंगवलेल्या पुढच्या खोलीत माझं दुकान थाटायला, रात्रभराच्या प्रवासाइतकं लांब. चुकून का होईना, तळ्यावर मी खरं तेच बोललो होतो. तिला हे माहीत होतं आणि ती माझ्यासाठी गप्प होती. मी म्हटलं, नाही काका, इथेच राहीन. त्यांना ऐकू आलं नसेल म्हणून मोठ्यांदा पुन्हा म्हटलं. ते म्हणाले, "आत्यांना सांगितलंत?" म्हटलं, अजून नाही. म्हणाले, "ज्यांनी खोली रंगवली त्यांना आधी सांगा. मग या."

ता. क. ३ – तर सांगितलं. मी येत नाही आत्या, खोली दुसऱ्या कुणाला दे. तुला वाईट वाटणार हे मला ठाऊक आहे, मलाही वाटतंय. पोटभर रागाव, पण पत्राने रागाव. फोन केलास, तुझा आवाज ऐकला, तर मी तुलाही हो म्हणून बसेन.