पुढचा खांदा आणि साधा हल्ला

प्रिय हेटीताईस,

म्युरिएलचा नमस्कार. तुझा गुडघा जिना चढू देतो का आता? माझी तब्येत ठीक आहे. म्हणजे जेवते, झोप येत नाही, आणि शेजारणींनी विचारलं की 'बरी आहे' म्हणते.

आमच्या आर्नल्डच्या अंत्यविधीला न्यूझीलंडहून येता आलं नाही याची हळहळ करू नकोस. आली असतीस तर पोलिसांनी तुझाही जबाब घेतला असता. झालं असं, की शवपेटीला पुढून खांदा कोणी द्यायचा यावरून माझा दीर विल्फ आणि आर्नल्डचा जोडीदार सिरिल (गिरणीत दोघांनी जन्म काढला) यांची चर्चच्या दारातच जुंपली. विल्फ म्हणाला, "सख्खा भाऊ आहे मी!" सिरिल म्हणाला, "भाऊ? दवाखान्यात त्याचे पाय मी चेपत होतो, तेव्हा कुठे उलथला होतास?" विल्फने मूठ उगारली, मग ढकललं, आणि सिरिल पुष्पचक्रांवर आडवा. मनगट सुजलं, कवळीचे दोन तुकडे.

पाद्रीबाबांनी पोलीस बोलावले. पोलीसबाईंनी मला (काळ्या कपड्यांतल्या विधवेला, हातात चहा देऊन) कायदा समजावला. नुसती मूठ उगारली आणि समोरचा भ्याला, तरी तो हल्लाच. हात लावला तर पुढची पायरी, सूज आली तर त्याच्याही पुढची, आणि हाड मोडलं तर मग बोलायलाच नको. मी विचारलं, "आणि कवळी?" त्या म्हणाल्या, "स्वतःचा दात असता तर इजा, काकू. कवळी म्हणजे मालमत्तेचं नुकसान." आर्नल्ड यावर महिनाभर हसला असता. घरी आले, तर सांगायला कोणी नव्हतं.

आधी विल्फवर इजेचं कलम होतं. सूज थोडकी म्हणून ते साध्या हल्ल्यावर आलं. त्याने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशबाईंनी विचारलं, काही सांगायचंय का? तर म्हणतो, "मी जायचो हो दवाखान्यात. दारापर्यंत. त्याला तसं पडलेलं मला बघवायचं नाही, म्हणून माघारी फिरायचो." मागच्या बाकावर सिरिल बोळक्या तोंडाने ओक्साबोक्शी रडायला लागला. (नवी कवळी अजून आली नव्हती.) तरी हुकूम निघालाच : वर्षभर विल्फने सिरिलच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही.

आता दोघं माझ्याकडे येतात, वेगवेगळ्या दिवशी, आणि चौकशी करतात ती एकमेकांचीच. "मनगट बरं आहे का त्याचं?" "जेवतो का नीट तो?" निरोप पोचवायलाही मनाई आहे म्हणे, म्हणून मी नुसती मान हलवते आणि केक कापते.

भावजींना नमस्कार सांग.

तुझी धाकटी,
म्युरिएल

ता. क. विल्फला चार ओळी लिही. तू त्याला लग्नाला नकार दिला होतास, तरी ऐकतो तो तुझंच. कोर्टाने त्याला सिरिलपासून लांब ठेवलंय, तुझ्यापासून नाही.

पुन्हा ता. क. आर्नल्डचं दहन केलं, पण त्याच्या अस्थी अजून अंत्यविधीवाल्यांच्या दुकानातच आहेत. सगळ्यांना सांगते, या दोघांचं मिटलं की आणीन. ते खरं नाही. त्या घरी आल्या, की तो बाहेर गेलाय, येईल इतक्यात, असं मला म्हणता येणार नाही. ताई, तू ये. आपण दोघी जाऊन आणू.