अंगाला न लागलेली गोळी

श्री. शिवमूर्तीआप्पा यांना लातूरहून तुमचे दाजी व्यंकट यांचा शरणार्थ.

मुखेडात सगळे खुशाल असावेत. तुमचा गुडघा कसा हाय? म्हैस व्याली का? (व्याली असेल तर सिंधुला पोटभर खरवस खाऊ घाला. आमच्या घरात चार महिने दुधाच्या चहाला बंदी होती.) सिंधु चिडून तुमच्याकडे निघून आली त्याला आज अकरा दिवस झाले. ती तुम्हाला काय काय सांगून राहिली असेल याचा मला अंदाज आहे, आणि त्यातलं बहुतेक खरं आहे. तरी माझी बाजू एकदा ऐका. बाजू कसली, कबुलीजबाबच म्हणा.

एकतीस वर्षं मी इथल्या क्लासमधे डॉक्टर होऊ घातलेल्या पोरापोरींना जीवशास्त्र शिकवलं. दिवाळीला शिकवणं थांबवलं आणि पंधरा दिवसांत कळलं की मला समोर कुणीतरी बसलेलं लागतं. घरात सिंधु एकटीच. मग तिचाच वर्ग भरवला. ग्रीन टीचं कुठंतरी वाचलं, खोकं आणलं, फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं. दूध बंद, साखर बंद. एकदा तिनं गुपचूप आलं टाकून तोच चहा खळखळा उकळला, तर मी तिला पंचवीस मिनिटं समजावलं (ओट्यापाशी उभं ठेवून, आता लाज वाटते). तुम्ही हरभरा घेऊन मोंढ्यात आला होता तेव्हा एका घोटात कप रिकामा करून विचारलंत, “दाजी, गरम पाणी झालं, आता चहा कधी?” त्यावर मी तुम्हालाही लहान आतडं समजावलं. बसची वेळ झाली म्हणून तुम्ही न जेवता उठलात. त्या वेळेला मुखेडची बस नसते, हे मला माहीत होतं.

आता मुद्द्याचं. सिंधुला रक्त कमी म्हणून लोहाची गोळी चालू होती. ती मी जेवल्याबरोबर ग्रीन टीसंगं घ्यायला लावली. एका घोटात दोन कामं! पहिल्या महिन्यात ती म्हणाली, “अहो, जिना चढताना लई धाप लागून राहिली.” मी म्हणालो, शरीर सवय करून घेतंय. दुसऱ्या महिन्यात म्हणाली, भाकरी थापताना डोळ्यांपुढं अंधारी येते. मी म्हणालो, मधेच विचारू नये, शंका शेवटी घेऊ. तिसऱ्या महिन्यात तिनं सांगणं बंद केलं. मला वाटलं, गुण आला.

चौथ्या महिन्यात ती गॅसपाशी खाली बसली ती उठेचना. ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर उमैमा, माझ्याच क्लासची. रक्त नऊवरून साडेसातवर आलेलं. गोळी कशासोबत घेता, असं तिनं विचारलं आणि मी ऐटीत सांगितलं. मग कागद ओढून तिनं लहान आतड्याचं चित्र काढलं, मी फळ्यावर काढायचो अगदी तसंच, आणि मला समजावू लागली. चहातले कॅटेचिन नावाचे तुरट घटक तिथं थोडेच शोषले जातात. जे जातात त्यांच्यावर यकृत आडत्यासारखा शिक्का मारून काही तासांत त्यांना बाहेरची वाट दाखवतं. उरलेले खाली मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जंतू त्यांचे तुकडे करतात. पण जाता जाता ते भाकरीतलं, पालेभाजीतलं, गोळीतलं लोह पकडून ठेवतात. लोह अंगाला लागतच नाही. नुसत्या चहानं एवढं होत नसतं, बाकी तपासण्या करू, पण गोळ्या पुष्कळशा वाया गेल्या, असं म्हणाली. “सर, चहा गोळीपासून दोन तास लांब ठेवा,” एवढंच वर. हे सगळं तिला मीच शिकवलेलं, ते तिनं तोंडातून काढलं नाही. टोचून बोलली असती तर बरं वाटलं असतं.

आप्पा, दरसाल हा धडा माझ्या तोंडातून गेला, आणि लागला नाही तो मलाच. पण सिंधु गोळ्यांवरून चिडली नाही. परत येताना ऑटोत म्हणाली, “त्या पोरीनं एकदा विचारलं काय होतंय म्हणून, आन् सगळं ऐकून घेतलं. तुम्ही चार महिने घरातच होता की.” घरी येऊन तिनं पिशवी भरली.

तिला पाठवा असं मी म्हणत नाही. तिला आराम पडू द्या. गोळी तेवढी लिंबाच्या पाण्यासोबत द्या. माझं इकडे उत्तम चाललंय. वहिनींना शरणार्थ सांगा.

तुमचा दाजी,
व्यंकट

ता. क. : उत्तम चाललंय हे खोटं आहे. चार दिवस पोहे खातोय, तेही कच्चे. घर खायला उठतंय.

आणखी एक ता. क. : तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परवाच झालं, म्हणजे हे पत्र सिंधुच तुम्हाला वाचून दाखवत असणार. म्हणूनच फोन केला नाही. फोनवर मी बोलतच सुटतो. तेव्हा सिंधु, आता मोठ्यानं वाचू नकोस. धाप थांबली का? अंधारी येते का अजून? रविवारी पहिल्या बसनं मुखेडला येतो. तू पहिल्यापासून सांग, मी ऐकतो. मधे एक शब्द जरी बोललो तर उठून आत जा, मी आल्या बसनं परत जाईन.