टाचेवरची हळद

प्रिय दादा,

तू जाऊन दोन वर्सं व्हत आली. एवढ्या दिवसांत पत्र लिहिलं न्हाई. आज लिहून राहिले, कारण एक गोष्ट इचारायची हाय आन् ती तुझ्याबिगर कोणाला इचारू?

तुला भाची झाली. सव्वा महिन्याची हाय. दूध ओढत न्हाई, नुसती सुस्त पडून राहते. हिंगोलीच्या डॉक्टरनं सांगितलं, टाचेला सुई टोचून रगताचे थेंब कागदावर घ्यायचे, कागद वाळवून मोठ्या शहरात तपासाया पाठवायचा. अंगात काय जास्त, काय कमी, ते त्यात कळतं. लवकर कळलं तर लवकर औषध. 

कागदावरचे थेंब पाहिले आन् तुझी नळी आठवली. पुण्याला सरांच्या प्रयोगशाळेत कामाला व्हता तू. पंचमीला आला तवा कागदाच्या घडीत तिचा तुकडा आणला व्हता. काचेची, पण गळाच्या दोऱ्यावानी.

"आतून पोकळ हाय," तू म्हणला.

"भोक तर दिसत न्हाई. पोकळ कशावरून?"

"तुझ्या डोक्यात अक्कल हाय ते तरी कुठं दिसतं? मानतोच ना आमी?"

मग समजावून सांगितलं. मोठ्या मशीनच्या नळीत बारीक भुकटी ठासून भरलेली असते. तुमची नळी मोकळी, नुसता आतल्या भिंतीला लेप. थेंब पातळ औषधासंगं वाहत जातो. ज्याला लेप आवडतो ते भिंतीशी रेंगाळतं, बाकीचं पुढं जातं. असा एकेक जिन्नस येगळा बाहेर येतो.

मी म्हणलं, "मग एवढी बारीक काहून? जरा रुंद केली तर काय बिघडतं?"

"गोरेगावच्या बाजारात रुंद रस्त्यानं मधून चालली तर दुकान दिसतं का तुला? बोळीतून गेली की दर दुकानाला पदर घासतो. आई बांगड्यापाशी थांबते, तू भज्यापाशी. मी सरळ घरी. झालो का न्हाई तिघं येगळे?"

तू म्हणला व्हता, सर नळी बारीक करून राहिले ते थोडक्यात काम भागावं म्हणून. लेकराच्या टाचेतला थेंब बी लई झाला पाहिजे. तवा मला लेकरू नव्हतं, मी नुसती हसले. आता सांग, ती नळी दवाखान्यापर्यंत पोचली का? का अजून मोठ्याच मशीनवर चालतं सगळं? डॉक्टरला इचारायची हिंमत झाली न्हाई.

आता खरी गोष्ट. काल दवाखान्यातून फोन आला, कागद खराब निघाला, परत टोचावं लागल. इतके दिवस वाया गेले. घरधनी टोचणाऱ्या सिस्टरच्या नावानं बोटं मोडून राहिले. आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, म्हणतात, "आजकालच्या पोरींचं ध्यान फोनमधी."

पण कागद माझ्यानं खराब झाला. कारण हळद मी लावली, दादा. आत्याबाईंनी घरच्या हळदीची पुडी संगं दिली व्हती. टाचेतून रगत थांबंना, मी घाबरले. सिस्टर दुसऱ्या लेकराकडं वळली तवा पुडी फोडून दाबली. बाजूला वल्या कागदावर सांडली. पदरानं पुसली आन् कोणाला बोलले न्हाई.

इचारायचं ते हेच. मशीन सगळं येगळं करतं, मग हळद काहून येगळी काढत न्हाई? सकाळपासून डोकं लावून राहिले. बोळीत जत्रा घुसली तर कोण कुठं थांबलं ते कसं दिसावं? आन् पदरानं रगत बी फासलं, मग किती व्हतं ते कसं कळावं? असंच असल का? तू "बराबर" म्हणला असता, का "येडी"?

तुझा तो तुकडा बी मीच घालवला. दोरा समजून झाडून टाकला. तू दुपारभर बॅटरी लावून जमिनीवर हुडकत व्हता आन् मी म्हणले, मला ठावं न्हाई. दिवाळीला सांगते म्हणलं, तर तू त्याच्याआधीच तापानं गेला. असं करतात का?

उद्या सकाळच्या एसटीनं जायचं हाय. आत्याबाईंनी पिशवीत नवी पुडी घातली.

तुला शब्द देते. टोचायच्या आधी सिस्टरला सांगन, घरधन्यासमोर, आत्याबाईंसमोर: हळद माझी व्हती. मग पोरीचा पाय मीच धरन. रडली तरी, रगत आलं तरी, कागद वाळेस्तोवर पुडीला हात लावणार न्हाई.

तुझी धाकटी,
छाया