नयनामावशीचं दुकान उघडता उघडेना

बेळ्ळंदूर, बेंगळुरू
दसऱ्याचा दुसरा दिवस

ती. स्व. उमाकांतमामा यांना शाल्मलीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग नुसता लिहिला आहे. आमच्या फ्लॅटमध्ये आडवं पडायचं तर आधी नवऱ्याला, म्हणजे सुहासला, बाल्कनीत उभं करावं लागतं.) इकडे सगळे मजेत. तुमचा गुडघा नागपूरच्या हवेत काय म्हणतो? मामी अजून साखरेचा डबा लपवून ठेवतात का, आणि तुम्हाला तो अजून सापडतो का? विराजदादाच्या शेजाऱ्यांना तुमची कारखान्यातल्या पंपाची गोष्ट सांगून झाली असेलच. (साहेबांना न विचारता पंप बसवला आणि पाणी आल्यावर कार्योत्तर मंजुरी घेतली, तीच. मला ती फार आवडते.)

पत्राला कारण तसं काही विशेष नाही. तुमच्या धाकट्या बहिणीच्या ऑनलाइन फराळाच्या दुकानाची हकिगत तुम्हाला फोनवर तुटक तुटक कळली असेल, ती नीट सांगावी म्हटलं. दुकान उघडायला वेळ लागतो, एवढंच सुरुवातीला कळलं. गिऱ्हाईक फोनवर दुकान उघडायचं, फिरणारं चक्र बघत बसायचं आणि शेवटी कंटाळून कोपऱ्यावरच्या बेकरीतून काहीबाही आणायचं. मावशी म्हणाली, ही दिवाळी अशीच गेली तर होसकोट्याचं स्वयंपाकघर बंद करावं लागेल. सोयराबाई आणि त्यांच्या हाताखालच्या बायका तिथे दिवसभर चकल्या पाडतात, त्यांना काय तोंड दाखवायचं? मला फार वाईट वाटलं आणि मी छातीठोकपणे सांगितलं, की दिवाळीच्या आत दुकान पळायला लावते. नाहीतरी मी पोटापाण्यासाठी हेच करते.

पहिलं निदान मावशीचं होतं, दृष्ट लागल्याचं. तिने इंटरनेटच्या डब्याला लिंबू-मिरची बांधली. (लिंबाचा रस आत ठिबकल्यामुळे तो डबाच बदलावा लागला.) शेजारचे वादिराज, ज्यांच्या तीन पिढ्या इथेच गेल्या, ते डोकावून म्हणाले, "स्वल्प वेट माडी, अक्का. जरा थांबा. आपल्या एरियात नेट असंच." त्यांचा सल्ला निदान फुकट तरी होता. सुहासने मोठा सर्व्हर भाड्याने घ्यायला लावला. दुकान पूर्वीइतकंच मंद राहिलं, फक्त आता ऐटीत मंद. मग मी डेटाबेस धुंडाळला. तिथे एकेका लाडवासाठी तीच ती चौकशी पुन्हा पुन्हा होत होती, ती एकदाच होईल असं केलं. ऑफिसात दुकान चुटकीसरशी उघडलं आणि मी आनंदाने सगळ्यांना पेढे वाटले. संध्याकाळी मावशीच्या फोनवर बघते तर तेच चक्र, तसंच फिरतंय. ऑफिसचं नेट इतकं दांडगं, की तिथे हत्तीसुद्धा पळत येईल, हे मला पेढे संपल्यावर सुचलं.

मग जे पहिल्या दिवशी करायचं ते केलं. पानावरची कोणती वस्तू यायला किती वेळ घेते, हे आडव्या पट्ट्यांनी दिसतं. होसकोट्याच्या स्वयंपाकघरात सगळ्यांना भोवती बसवून मी त्या पट्ट्या उघडल्या. सगळ्या जिऱ्याएवढ्या. फक्त एक पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती होती चकली. तिच्याखाली अनारसा, मग करंजी. कढईजवळची बाईसुद्धा झारा घेऊन बघायला आली.

मामा, ते फोटो तुमचे. निवृत्तीनंतर घेतलेल्या कॅमेऱ्याने, पंधरवडाभर पाठ मोडून, एक पैसा न घेता काढलेले. भिंतभर छापले तरी चकलीचा काटा न् काटा दिसावा असे. एवढा मोठा फोटो बिचाऱ्या फोनमध्ये शिरताना वेळ घेणारच. आणि नागपूरला विराजदादाकडे राहायला जाताना तुम्ही बजावलं होतं, की एकही फोटो कापायचा नाही, दाबायचा नाही.

"दादाला कोण सांगणार?" मावशी म्हणाली. (विराजदादाच्या लग्नाच्या अल्बममध्ये तुम्ही काढलेल्या फोटोची कडा कापली गेली, म्हणून मंगळागौरीला तुम्ही सगळ्यांकडे पाठ करून बसला होतात. पुरणपोळी मात्र सरळ बसून खाल्लीत.)

त्यानंतर आम्ही जे केलं ते आपल्याच घराण्याला जमेल. कारण समजलं होतं, म्हणून ते सोडून बाकी सगळं दुरुस्त केलं. दुकान उघडताना वाजणारी सनई काढली. पानावरचं हलणारं तोरण काढलं. मावशीने स्वतःच्या आठवणींचं पान काढलं. सोयराबाई म्हणाल्या, "माझ्यापायी अडत असेल तर मलाबी काढा," आणि आम्ही त्यांची ओळखही काढली. शेवटी दुकानात तुमचे फोटो, किमती आणि ऑर्डरचं बटण एवढंच उरलं. तरी ते उघडेना.

असो. मामींना नमस्कार सांगा आणि गुडघ्याला जपा.

तुमची भाची,
शाल्मली

ता. क. फोनवर दाखवण्यापुरते ते फोटो लहान करायला परवानगी द्याल का? मूळ फोटो जसेच्या तसे जपून ठेवू. चकलीचा तर खरोखरच भिंतभर छापून होसकोट्याला लावू.

ता. क. २ या पत्राचं मावशीला काही माहीत नाही. तिला बोलू नका.

ता. क. ३ मावशीला माहीत आहे. ती मागे उभी राहून वाचते आहे आणि म्हणते आहे, "दादा, रागावू नकोस. दिवाळीला ये. तुझ्याशिवाय फराळाला चव नाही." डोळे पुसते आहे, पण शुद्धलेखनही तपासते आहे.

ता. क. ४ आता खरं सांगते. फोटो मागच्या मंगळवारीच लहान केले. दुकान पापणी लवायच्या आत उघडतं आणि ऑर्डरी इतक्या आल्या, की सोयराबाईंनी आपल्या जावांनाही बोलावून घेतलं. गुरुवारी तुमचा फोन आला, आठवतो? "आता बघा माझी चकली कशी उठून दिसते! आधी त्या मेल्या सर्व्हरने तिची शोभा घालवली होती." आम्ही सगळ्यांनी एका सुरात हो म्हटलं.

तर मामा, पाणी आलं आहे. कार्योत्तर मंजुरी तेवढी पाठवा.