फ्रीजवरची फुली

शुक्रवार, अजमान (यूएई)

लेकीने आज माझी सालटी काढली, तीही आवाज न चढवता. ईराला कॉलेजात आयरिश कवितेवर निबंध आहे. तो वाचून दाखवत होती. आयर्लंडात पूर्वी म्हणे, पोर शाळेत आयरिश बोललं की त्याच्या गळ्यात अडकवलेल्या काठीवर खाच पाडायचे आणि खाचा मोजून छड्या मारायचे. पुढचे कवी गेलेल्या भाषेसाठी भांडले, तेही इंग्रजीतच.

मी म्हटलं, "काय क्रूर माणसं!"

"मम्मा, यू हॅड द फ्रिज."

होता. तेव्हा ती चार वर्षांची, इंग्रजी शाळेचा इंटरव्ह्यू तोंडावर. घरात मराठी बोलली की मी फ्रीजवर फुली मारायचे. तीन फुल्या झाल्या की कार्टून खलास. फोनवर आजीशी बोललेलंसुद्धा मोजायचे. पण चांगली शाळा मिळाली ना?

हेच सांगताना माझा तोल गेला. कृतघ्न म्हटलं, नको नको ते बोलले, सगळं मराठीत. तिला निम्मं तरी कळलं असेल का? ती शांतपणे उठली, मार्कर घेतला आणि फ्रीजवर एक फुली मारली.

"टू मोर, मम्मा."