संत्र्याच्या डाव्या खांद्यावरचा उजेड

३ नोव्हें. १९९८, निर्मल

सूनबाई वंदनाच्या क्लासमधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर आपलं घड्याळ बसलं! वंदनाने (यापुढे वं.) पोरींना शिकवलं, ते मी मागच्या खुर्चीवर बसून उचललं. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक संत्रं. सकाळी नऊला हिरवं, संध्याकाळी सहाला पिकून केशरी. काटे नाहीत. रंग पाहायचा आणि वेळ ओळखायची. बेसिक भाषेतल्या प्रोग्रामच्या चौदा ओळी, माझं वय एकोणसत्तर.

लक्ष्मय्याला (ल.) बोलावून दाखवलं. त्याने काचेला नाक टेकवलं. "मुन्शी, संत्रा हाय का पापड?"

चाळीस वर्षं याने लाकडाच्या फळांना रंग दिला. बाजारातली माशीसुद्धा फसावी असा. गेल्या पावसाळ्यापासून ब्रश खाली. डावा डोळा पांढरा झाला, उजव्यापुढे धुकं. जानेवारीत डोळ्यांचं शिबिर आहे, तर नको म्हणतो. "पाहायचं ते पाहून झालं. आता डोळे घेऊन काय हरभरे निवडू?" राजव्वा, त्याची बायको, वं.पाशी रडून गेली.

जाता जाता दारात थांबला. "तुमच्या डब्यातलं फळ मले गोल दिसू द्या. त्या दिवशी डोळा कापून घेतो."

वं. साक्षीला. त्याला न्यायला आलेली राजव्वा साक्षीला. आता माघार नाही.

५ नोव्हें.

गोल दिसण्यासाठी रंग उतरता हवा. मध्ये फिका, कडेला गडद, आणि मधली पायरी कळता कामा नये. एकात एक साठ वर्तुळं काढली, प्रत्येकाचा रंग मागच्यापेक्षा किंचित वेगळा. वर्तुळांच्या मधून स्क्रीनची राखाडी डोकावते. चाळणी झाली नुसती.

वं. म्हणाली, "बाबा, कडा काऊन काढून राह्यले? आतून भरा नं."

भरली. तर सगळं एकच गडद केशरी. पुन्हा पापड. दोन तास डोकं लावलं, मग...

६ नोव्हें.

सापडलं. मी मधून कडेकडे जात होतो. शेवटचं मोठं वर्तुळ आधीच्या सगळ्यांना गिळत होतं. जमिनीच्या दफ्तरात तीस वर्षं नकाशे रंगवले, तिथे कागदावर ब्रश मधून हद्दीकडेच जायचा. हाताला तेच ठाऊक.

वं.ने पोळपाटावर दाखवलं. "मोठी पोळी खाली, लहान वर." सून आहे, पण मास्तरीण पक्की. उलटं फिरवलं. जमलं! दोन वेळा चहा मागितला, दोन्ही वेळा मिळाला.

१० नोव्हें.

रंग उतरतो, पण पट्टे दिसतात. साठ पायऱ्या असून आठ-दहाच उमटतात. कांद्याच्या चकतीसारखं. करंट गेला, चार तास नाही.

११ नोव्हें.

आज मोठी परीक्षा झाली. कॉम्प्युटरची नाही, माझी.

ल. आला. राजव्वा त्याच्या पाठीशी. बराच वेळ पाहिलं त्याने. "गोलसर वाटून राह्यलं बाप्पा..." मागून राजव्वा हात जोडून मला खुणावते, हो म्हणा, हो म्हणा. पट्टे त्याला दिसत नव्हते. धुक्यातून कसे दिसतील?

मी म्हणालो, "नाही लक्ष्मय्या. पट्टे आहेत अजून. तुला दिसत नाहीत."

तो हसला आणि काठी टेकत गेला. राजव्वा माझ्याकडे न पाहता गेली. वं. जेवताना ताटलीशीच बोलली. "डोळा मोठा का पट्टे मोठे?"

उद्या डोळा उघडला आणि त्याने पट्टे पाहिले तर? आंधळ्याला फसवून जिंकलेला मुन्शी. पण शिबिर चुकलं तर?

१५ नोव्हें., रविवार

पट्टे गेले! प्रोग्राममध्ये खोट नव्हतीच. कॉम्प्युटरच दोनशे छप्पन रंगांवर लावलेला होता, त्याच्या डबीत रंगच कमी. वं.ने सेटिंगमध्ये जाऊन हजारोंवर नेला, बंद करून चालू केला. साठच्या साठ पायऱ्या एकमेकीत विरघळल्या. वं. खुर्चीतच उडाली. राग गेला वाटतं.

ल.ला लगेच आणलं. त्याने मान तिरकी केली. "अय्यो मुन्शी, फळाच्या पोटात बल्ब लावला काय?"

१६ नोव्हें.

ल.च्या कामाच्या खोलीत बसलो. धूळ, सुकलेले ब्रश, कोनाड्यात त्याचं शेवटचं लाकडी संत्रं. खिडकी डाव्या हाताला.

"माझ्या बापानं खिडकी इकडंच ठेवली. त्याच्या बापानंबी. आमच्या घरचं कोन्तंबी फळ घ्या, उजेड डाव्या खांद्यावर." संत्रं माझ्या हातात दिलं. "पोटात नाही. खांद्यावर. बोट लावा."

डोळे मिटून त्याने स्वतः बोट लावलं. अचूक पांढुरक्या ठिपक्यावर. मग कितीतरी वेळ बोट तिथेच.

म्हणाला, "इथं माझा हात थांबत व्हता."

१९ नोव्हें.

प्रत्येक लहान वर्तुळाचा मध्य थोडा डावीकडे, थोडा वर सरकवला. एका ओळीत दोन वजाबाक्या, बस! उजेड खांद्यावर जाऊन बसला. क्लासच्या पोरी म्हणाल्या, "आजोबा, लई भारी." मी छाती काढून हिंडलो.

ल. आला. "बल्ब गेला. पण फळ भिंतीला चिकटलं." लगेच निघाला. चहासुद्धा घेतला नाही.

२४ नोव्हें.

पाच दिवस तेच. गडद अजून गडद केला, फिका अजून फिका. चिकटलेलंच. लाकडी संत्रं मागून आणलं, शेजारी ठेवलं. बाजारातलं खरं आणलं, तेही ठेवलं. (वं.ने खरं खाल्लं.)

२६ नोव्हें.

आज दिसलं. लाकडी फळाला कडेची रेघच नाही! माझ्या फळाभोवती काळी बारीक रेघ. मी मुद्दाम काढलेली नाही, मोठं वर्तुळ काढलं की ती आपोआप येते. ती कशी घालवायची हे वं.ने पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी घालवली नव्हती.

कशी घालवणार? हद्दीविना नकाशा म्हणजे दोन गावांचं भांडण. रेघ पुसट झाली म्हणून दफ्तरातल्या पेशकारसाहेबांनी अख्खा नकाशा फाडला होता, माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी. तेव्हापासून रेघ आधी, मग जग.

आणखी एक. लाकडी फळाची उजवी खालची कड सर्वांत काळी नाही. काळेपणा थोडा आत, आणि अगदी कडेला पुन्हा जरासा उजेड. ल.ला विचारलं तर म्हणतो, "जमीन परत देते नं थोडा उजेड. सगळा ठेवून नाही घेत."

म्हणजे रंग दोन नाहीत, तीन. कडेला मंद, आत गडद, खांद्यावर फिका. उद्या.

२७ नोव्हें.

झालं!!

रेघ घालवली. घालवताना हात अडला, खरं सांगतो. बाहेरच्या सहा वर्तुळांत रंग मंदाकडून गडदाकडे, उरलेल्यांत गडदाकडून खांद्यावरच्या फिक्याकडे. दुपारी चारची वेळ, फळ चारातले तीन हिस्से पिकलेलं, देठाशी हिरवी झाक.

ल.ला खुर्चीत बसवलं. मी आणि वं. मागे. राजव्वा दाराबाहेरच उभी.

त्याने पाहिलं. मान डावीकडे, मान उजवीकडे. मग हात पुढे केला. उचलायला! पाचही बोटं गोल वाकवून, फळ धरतात तशी. बोटं काचेवर आपटली. टक्.

हात तसाच राहिला. वं.ने तोंडाला पदर लावला.

म्हणाला, "खिडकी आमची हाय."

मग: "शिबिर कोन्त्या तारखेला हाय मुन्शी?"

राजव्वा आत आली ती थेट माझ्या पाया पडली. "अन्ना, त्या दिवशी लई बोलली मनातल्या मनात." मी म्हणालो, मलाही ऐकू येत होतं. सगळे हसलो. गल्लीत वं.ने जिलबी वाटली.

१३ जाने. १९९९

काल ल.च्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. भेटून आलो. हिरवी पट्टी, उशाशी लाकडी संत्रं. नर्सबाईने खरं समजून सोलायला घेतलं होतं, हे चार वेळा सांगितलं त्याने.

पट्टी उद्या सकाळी सुटणार. कितपत दिसेल, डॉक्टर बोलत नाहीत. धुकं फार जुनं, म्हणतात. ल. बोलतो. "पैले तुमचं फळ पाहीन. खोट निघाली तर मुन्शी, बुरूश पुन्हा हातात घेईन, आन् तुमाले शेजारी बसवीन."

१४ जाने., सकाळी

निरोप आला, पट्टी सुटली. बाकी काही सांगितलं नाही. रिक्षाने थेट इकडेच येत आहेत.

वं. म्हणते, "बाबा, आत्ता तर साडेदहा वाजले, फळ हिरवं. घड्याळ पुढं करते, पिकलेलंच दाखवू."

नको म्हणालो. हिरवंच पाहू दे. खांद्यावर उजेड आहे.

बाहेर रिक्षा थांबली.