शेवटचा पिठ्या दिसल्यापासून एकवीस दिवस

३ ऑक्टोबर १९५६
मालनबाईंच्या द्राक्षबागेत परदेशी कलमांवरून आलेला पिठ्या ढेकूण सापडला. पांढरा, पीठ सांडल्यासारखा. वेली खरवडून साबणाचे पाणी मारले. क्वारंटाइनची ऑर्डर मीच लिहिली: शेवटचा कीटक दिसल्यापासून एकवीस दिवस बागेतून काही बाहेर नाही, आणि ऑर्डर उठेपर्यंत ती काढणाऱ्यानेही शहर सोडायचे नाही. आमच्या ऑफिसचे प्रमुख प्रतापराव साहेबांनी शेवटचे वाक्य दोनदा वाचले, मग सही केली.
राज्याची भाषावार वाटणी होते आहे, सरकारी नोकरांना ठिकाण मागता येते. मी औरंगाबाद मागितले, मिळाले. स्वतःची प्रयोगशाळा. एक नोव्हेंबरला हजर न झाल्यास कायमची इथेच. चोवीसला बाग मोकळी, तीसला माझी गाडी. भरपूर वेळ.

६ ऑक्टोबर
बागेच्या फाटकाचा नियम: बाहेर पडताना प्रत्येकाने कपडे झटकायचे. शास्त्रीय कर्मचारी वगळून. म्हणजे मी. मालनबाई म्हणाल्या, क्या की बाई, तुमच्या पदराला किडा सलाम करून सोडतो वाटतं. प्रश्न शास्त्रीय नव्हता.

१४ ऑक्टोबर, मलकपेठ, घरी
आईची तक्रार: अंगणातल्या जास्वंदीवर पीठ दिसते, पूजेला फूल नाही. शेजारच्या गिरणीची धूळ, असे सांगितले. दोरीवरची माझी साडी रोज त्या झाडात अडकते. छाटायला हवे. वेळ नाही.
औरंगाबादचे आईला अजून सांगितलेले नाही. योग्य वेळी सांगेन.

२२ ऑक्टोबर, सकाळी ९
एकोणिसावा दिवस. बागेच्या व्हरांड्यात, माझ्या खुर्चीमागच्या वेलीवर तीन ढेकूण. मुंग्यांनी आणले असणार. मोजणी पहिल्यापासून: बारा नोव्हेंबर.
दुपारी ३
एकवीस हा आकडा फार सावध होता. सात पुरेत. दुरुस्ती लिहून ऑफिसात दिली. गाडीशी याचा संबंध नाही.

२६ ऑक्टोबर
आईने विचारले, ट्रंक का काढलीस? डांबराच्या गोळ्या घालायला, म्हटले. तिने त्यात ब्लँकेट ठेवले. म्हणाली, औरंगाबादला थंडी असते म्हणे.

२९ ऑक्टोबर
पुन्हा. पुन्हा खुर्चीमागेच. मालनबाई मजुरांसमोर म्हणाल्या, चारशे वेली साफ आहेत, हा मेला तुमच्याच सावलीला बसतो. रोज घरून घेऊन येता का, बाई? मजूर हसले. विधान पुराव्याशिवाय.
संध्याकाळी, फक्त विधान खोडण्यासाठी, भिंग घेऊन जास्वंद पाहिली. गिरणीची धूळ चालत होती.

३० ऑक्टोबर
घरालाही क्वारंटाइन. ऑर्डर मीच लिहिली. प्रतापरावांनी माझे सात खोडून एकवीस केले, 'शास्त्रीय कर्मचारी वगळून' हेही खोडले. गाडी वेळेवर सुटली असावी.

१ नोव्हेंबर
नवे राज्य. रस्त्यावर पताका. आईने ट्रंकेतून ब्लँकेट काढून माझ्या पलंगावर ठेवले.
मालनबाई आमच्या घराच्या फाटकापर्यंत आल्या. मी बागेत जायची थांबले तेव्हापासून तिथे एकही किडा नाही, हे सांगायला. आईने चहाला आत बोलावले.
नक्को, म्हणाल्या, मला बाग आहे.
बाहेरच उभ्या राहून पदर झटकला आणि गेल्या.